काय कापायचे, काय राखायचे : गंजलेल्या व्हॅनचा इतिहास

महाराष्ट्रात घर बदलायचे असो, मंडळाचा गणपती आणायचा असो की शेतातला माल बाजार समितीत पोहोचवायचा असो, 'टेम्पो ठरवला का?' हा प्रश्न आधी येतो. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांनी हा शब्द आजी-आजोबांकडून ऐकलेला असतो आणि तो मराठीच आहे असे त्यांना वाटते. आता तो मराठी झालाच आहे, पण त्याचे जन्मगाव जर्मनीतले हॅम्बुर्ग. तिथल्या 'विडाल अँड सोन' कंपनीच्या लहान मालवाहू गाड्या 'टेम्पो' या नावाने विकल्या जात. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी या जर्मन कंपनीच्या सहकार्याने भारतात तीनचाकी टेम्पो बनवण्याचा उद्योग सुरू केला. 'बजाज टेम्पो' ही कंपनी अशी उभी राहिली आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला तिचा मोठा कारखाना झाला. नंतर आलेली चारचाकी 'मॅटॅडोर' तर इतकी रुळली की कोणत्याही व्हॅनला लोक मॅटॅडोर म्हणू लागले. २००५ साली कंपनीने 'फोर्स मोटर्स' असे नाव घेतले. लोकांच्या तोंडचा टेम्पो मात्र गेला नाही.

या मॅटॅडोरची एक नातलग तुम्ही अमेरिकेत नक्की पाहिली असेल. ती म्हणजे फोक्सवॅगनची गोल तोंडाची व्हॅन, जिला इथे सगळे 'व्हीडब्ल्यू बस' म्हणतात. नाते इंजिनाचे आहे. हॅम्बुर्गच्या कंपनीने १९४९ साली आपली पहिली मॅटॅडोर बाजारात आणली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगन बीटलचेच २५ अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढच्या वर्षी फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली आणि १९५२ मध्ये टेम्पोला मिळणारी इंजिने बंद झाली. टेम्पोने मग दुसऱ्या कंपन्यांची इंजिने बसवली आणि आपली वाट धरली.

म्हणजे युद्धानंतरच्या जर्मनीत दोन व्हॅन एकाच इंजिनावर सुरू झाल्या. त्यांतली एक आज अमेरिकेतल्या घराघरांच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभी केली जाते. २०११ साली इथल्या एका लिलावात १९६३ सालची, २३ खिडक्यांची अशी बस दोन लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. दुसरी व्हॅन महाराष्ट्रात आपल्या डोळ्यांसमोर भंगारात गेली आणि फारसे कोणी हळहळले नाही. असे का झाले, आणि जी वाचते ती वाचवताना नेमके काय वाचवले जाते, हे दोन प्रश्न या लेखात पाहायचे आहेत.

गंज कुठे लागतो, हे आधीच ठरलेले असते

या बसचा पहिला आराखडा एका वहीच्या पानावर आहे. हॉलंडमधले फोक्सवॅगनचे विक्रेते बेन पॉन यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सामान वाहणारी एक सपाट गाडी पाहिली. कामगारांनी ती बीटलच्या सुट्या भागांतून कारखान्यातल्या कामासाठी बनवली होती. कारखाना तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता आणि मेजर आयव्हन हर्स्ट तो सांभाळत होते. २३ एप्रिल १९४७ रोजी पॉन यांनी एक चित्र काढले. त्यात चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मध्ये मालासाठी एक सरळ पेटी होती.

पहिला नमुना बीटलच्याच तळावर बांधला आणि तो भाराखाली पिळवटला. मग अभियंत्यांनी रचना बदलली. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, तळ आणि वरची पेटी हे सगळे एकत्र वेल्ड करून टाकले. ट्रकला असते तशी वेगळी चॅसी इथे नाही. पत्र्याची पेटी हाच सांगाडा. ८ मार्च १९५० पासून हे उत्पादन सुरू झाले. गाडी हलकी, स्वस्त आणि सुमारे पाऊण टन माल वाहणारी होती.

पण या हुशारीची किंमत पन्नास वर्षांनी चुकवावी लागते. वेगळी चॅसी असलेल्या गाडीत वरचा पत्रा गंजला तर गाडी कुरूप दिसते. इथे पत्रा गंजला की सांगाडाच कमकुवत होतो. दाराखालचा भाग, ज्याला आपण गाडीचा उंबरठा म्हणू, तो या बसमध्ये तीन पत्र्यांचा आहे. एक बाहेरचा, एक आतला आणि त्या दोहोंमध्ये बळकटी देणारा तिसरा. तिघांमधल्या पोकळीत पाणी शिरते आणि तिथेच राहते. जिथे दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात, तिथे दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत रंग पोहोचत नाही, ओल मात्र पोहोचते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फट आतून फुगवतो आणि शिवण उसवल्यासारखे पत्रे विलग होतात. बाहेरून रंगाला एक छोटा फोड दिसतो. तो फोड दिसेपर्यंत आतले काम बरेचसे उरकलेले असते.

जुनी बस तपासणारा माणूस म्हणून ठरावीक जागीच टोचणी लावतो. समोरच्या काचेचा खालचा काठ, चालकाच्या पायाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, छताच्या कडेची पन्हळ, आणि इंजिनाशेजारी बॅटरी ठेवायची जागा, जिथे ओलीच्या जोडीला आम्लही असते. गंज आंधळेपणाने पसरत नाही. १९४९ साली आराखड्याच्या टेबलावर जे निर्णय झाले, त्यांचाच नकाशा तो गिरवतो.

मीठ आणि कोंबडी

तो नकाशा किती लवकर भरेल हे मात्र देशावर अवलंबून असते. युद्धानंतर अमेरिकेत महामार्ग वाढले आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणे हा शिरस्ता झाला. डेट्रॉईट शहराच्या खाली हजार फुटांहून अधिक खोल मिठाची खाण आहे. ज्या शहराने देशाला गाड्या दिल्या, त्याच्याच पोटातले मीठ त्या गाड्या खात आले. मिठाचे पाणी वीज चांगली वाहून नेते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक आहे, त्यामुळे ती झपाट्याने होते. म्हणून ॲरिझोनातली १९६५ सालची बस आणि ओहायोतली त्याच वर्षीची बस या एका कारखान्यातल्या जुळ्या बहिणी आज ओळखू येत नाहीत.

कोणती व्हॅन इथे आली, हेही राजकारणाने ठरवले. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवर जबर कर लावला. बोलणी फिसकटल्यावर डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट कर जाहीर केला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रीन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के. ट्रकवरच्या कराचा नेम पश्चिम जर्मनीवर होता, म्हणजेच मुख्यतः फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅनवर आणि पिकअपवर. खिडक्या आणि बाके असलेली प्रवासी बस या करातून सुटली. त्यामुळे १९६४ नंतर इथे प्रामुख्याने प्रवासी बस येत राहिली, आणि सामान वाहणारे वाहन अमेरिकनांच्या मनात कुटुंबाचे, सहलीचे आणि पुढे हिप्पींचे वाहन बनले. लोक ज्या वाहनात झोपले, ज्यात त्यांची मुले वाढली, त्याला ते सहजासहजी भंगारात देत नाहीत. कोंबडीवरच्या भांडणाने बसचे आयुष्य असे वाढवले.

घरच्या घरी

आयुष्य वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एक पुस्तक. १९६९ साली न्यू मेक्सिकोतल्या जॉन म्यूर नावाच्या अभियंत्याने फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी याचे पुस्तक काढले. ते मेकॅनिकसाठी नव्हते, ज्याने आयुष्यात पाना धरलेला नाही अशा माणसासाठी होते. पीटर आशवांडेन यांच्या चित्रांमुळे ते कोणालाही समजे. गाडीचा मालक आणि गाडी दुरुस्त करणारा हे दोन वेगळे लोक असतात, हा समज त्याने मोडला. भारतातून आलेल्या आमच्या पिढीला ही कल्पना नवी होती. आपल्याकडे गाडी फाटकाबाहेरच्या मिस्त्रीकडे जायची. हात काळे करणे हे त्याचे काम आणि फी भरणे हे आपले.

पत्र्याचे काम पुस्तकाने सुटत नव्हते, कारण त्याला वेल्डिंग लागते. गॅसच्या वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो आणि त्याला सवयीचा हात लागतो. पुढे तारेने आपोआप पुरवठा होणारी, वायूच्या आवरणातली लहान मिग यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आणि पत्र्याचे कामही घरात शिरले. त्याच्या जोडीला जुन्या साच्याबरहुकूम नवे पत्रे बनवणारे छोटे उद्योग उभे राहिले. ब्राझीलमध्ये तर ही गाडी थेट डिसेंबर २०१३ पर्यंत बनत होती. ज्या गाडीचा उंबरठा टपालाने मागवता येतो, ती गाडी मरत नाही.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी पेट्रोलची टाकी आणि जुन्या नळ्या काढून गाडीपासून दूर ठेवायच्या. या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते पेटले तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकते. मग फोटो आणि मापे घ्यायची. त्यानंतर दाराच्या चौकटीत आतून लोखंडी नळ्यांचे तात्पुरते टेकू वेल्ड करायचे. उंबरठा कापला की पेटी खचते आणि मग दार कधीच नीट लागत नाही, म्हणून एका वेळी एकच बाजू कापायची. कापताना पांढरा स्वच्छ पत्रा लागेपर्यंत मागे जायचे. गंजक्या कडेला नवा पत्रा जोडणे म्हणजे कुजलेल्या कापडाला ठिगळ. वेल्डिंग सलग न करता लांब लांब ठिपके द्यायचे, निवू द्यायचे, मग मधली जागा भरायची. शेवटी प्रायमर, सांध्यांत सीलर, आणि पोकळीत मेण फवारायचे. रंग त्यानंतर. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगमध्ये भोकावर लांबी भरून वर झकास रंग मारतात. इथेही तसे करणारे कमी नाहीत. पण लांबीने भोक झाकते, भार पेलला जात नाही.

कांद्याची मॅटॅडोर

आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाच्या गॅरेजमध्ये १९७१ सालची बस तीन वर्षे उभी आहे. वडील नाशिक जिल्ह्यातले, मुलगी इथली. मुलीला ती बस एका शेतातल्या गोठ्यात मिळाली. वडिलांनी आधी कपाळाला हात लावला, मग दर शनिवारी तेच ग्राइंडर घेऊन बसू लागले. त्यांच्या वडिलांची मॅटॅडोर होती. कांदा लासलगावला न्यायची आणि परत येताना गावचे लोक बसवून आणायची. एकदा पत्रा घासता घासता मुलीने विचारले, "बाबा, आजोबांच्या मॅटॅडोरचं पुढे काय झालं?" ते म्हणाले, "होणार काय? काटा लावला आणि किलोवर दिली."

दारावरचा रंग घासताना खालून ब्रशने रंगवलेली पुसट अक्षरे निघाली. पूर्वी कधी तरी ही बस एका रोपवाटिकेची होती, तिचे ते नाव. वडिलांना ते दार उघडे करून, घासून, कारखान्यातून निघाले तेव्हा होते तसे रंगवायचे होते. मुलगी म्हणाली, "कारखान्यात ती फार तर आठवडाभर होती, बाबा. या रोपवाटिकेत कितीतरी वर्षं राबली असेल." हा वाद मला ऐकायला मिळाला आणि तो मला कुठल्याही परिसंवादापेक्षा मोलाचा वाटला, कारण इतिहासाच्या अभ्यासातला हा जुनाच प्रश्न आहे. वस्तूचा खरा काळ कोणता? ती घडली तो, की ती वापरली गेली तो?

याचे एक उत्तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंड या बेटावर ईसॉ जेन्किन्स नावाचे कृष्णवर्णीय नेते होते. बेटावरच्या मजुरांना आणि मुलांना चार्ल्स्टनला पोहोचवण्यासाठी ते बस चालवत. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर कृष्णवर्णीयांना वाचनाची परीक्षा द्यावी लागे, म्हणून ते बसमध्येच प्रवाशांना राज्यघटनेचा मजकूर वाचायला शिकवत. त्यातूनच १९५७ मध्ये सेप्टिमा क्लार्क आणि बर्निस रॉबिन्सन यांच्यासह प्रौढांसाठी नागरिकत्वाचे वर्ग सुरू झाले आणि ते पुढे दक्षिणेत पसरले. १९६० च्या दशकात जेन्किन्स यांच्याकडे फोक्सवॅगनची बस होती. प्रेमात प्रगती आहे आणि द्वेष महाग पडतो, अशा अर्थाचे शब्द त्यांनी तिच्या मागच्या पत्र्यावर रंगवून घेतले होते. १९७२ मध्ये ते वारले. बस घराच्या आवारात कित्येक दशके गंजत राहिली.

ती सापडली तेव्हा नवीकोरी करणे अशक्य नव्हते. पण ते केले नाही. अक्षरे असलेले मागचे पत्रे गंजासह कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले, आणि उरलेल्या बसचा गंज फक्त पुढे वाढू नये इतकेच उपचार झाले. तिला लखलखीत केले असते तर लिलावात भाव आला असता, पण ती जेन्किन्स यांची बस राहिली नसती.

रस्त्यावर चालवायच्या गाडीला मात्र हा मार्ग पुरत नाही. तिच्यात माणसे बसणार असतात. नाशिककर बाप-लेकींनी शेवटी जो तोडगा काढला तो मला योग्य वाटतो. उंबरठे, जॅकच्या जागा, पट्ट्याची आणि ब्रेकची बैठक हे सगळे कापून नवे घातले. तिथे भावनेला जागा ठेवली नाही. दार मात्र खालच्या काठापुरतेच दुरुस्त करून, अक्षरांसकट, वर पारदर्शक थर देऊन ठेवले. जो पत्रा भार पेलतो तो धडधाकट हवा, जो पत्रा साक्ष देतो तो जुनाच हवा, आणि कोणता कुठला हे कापण्याआधी ठरवायचे. कापलेले तुकडेही त्यांनी तारीख लिहून एका खोक्यात ठेवले आहेत.

मॅटॅडोरचे काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. बस वाचली याचे कारण तिचे पोलाद चांगले होते असे नाही. तिचे सुटे भाग मिळत राहिले, ती दुरुस्त करणे मालकाला जमेल असे पुस्तक होते, आणि वापर संपल्यावर तिला उभी करायला लोकांकडे गॅरेज, शनिवार आणि पैसा होता. मॅटॅडोरच्या वाट्याला यातले काही आले नाही. तिच्या मालकाला ती सकाळी सुरू व्हायला हवी होती. सुरू होईनाशी झाली की लोखंडाच्या भावात तिचे जे येईल ते पुढच्या गाडीच्या हप्त्याला हवे होते. यात कोणाचा दोष काढता येणार नाही. जो वाहनावर पोट भरतो त्याला ते संग्रहात ठेवणे परवडत नाही.

कायद्यानेही फारशी मदत केलेली नाही. भारत सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांपूर्वीची, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पाऊल स्वागतार्ह आहे. पण हे नियम खासगी, बिगर-व्यापारी वाहनांसाठी आहेत. महाराजांची रोल्स-रॉइस त्यात बसते. कांदा वाहणारी मॅटॅडोर बसत नाही. ज्या वाहनाने मराठीला एक शब्द दिला आणि हजारो घरांना पहिला धंदा दिला, त्याचा इतिहास अशा रीतीने नियमाबाहेरच राहतो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. गावाकडच्या घराच्या मागे, शेडमध्ये, चिंचेच्या झाडाखाली अजून एखादी मॅटॅडोर किंवा तीनचाकी टेम्पो उभा असेल, तर या भेटीत तिच्याकडे एकदा नीट पाहा. ती उभी करणे सगळ्यांना जमणार नाही आणि जमावे असा आग्रहही नाही. पण चहूबाजूंनी फोटो काढा. फाळक्यावर आणि दारावर काय रंगवले आहे ते टिपून घ्या. आरसी बुक, मालाच्या पावत्या, हप्त्याचे पासबुक सापडले तर फेकू नका. ती चालवणारे काका किंवा आजोबा हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून विचारा की ती कधी घेतली, कर्ज कोणी दिले, पहिली फेरी कुठली होती, घाटात बंद पडली तेव्हा काय केले. मुलांना सोबत न्या आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. गंज एका पावसाळ्यात फार काही खात नाही, पण माणसाची आठवण तेवढी वाट पाहील याची खात्री नसते.